तुझ्या वाट्याचं लोटांगण

दादा,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या लेकीने मला माजघरात गाठलं. मनालीच्या हातात मोबाइल होता. तिठ्यावर तुझा फलक लावायचा होता आणि रत्नागिरीच्या छपाईवाल्याने मजकूर पाठवला होता. वर तुझा फेट्यातला फोटो, मुंबईकर मंडळाने सत्कार केला तेव्हाचा. खाली मोठ्या अक्षरांत, 'गावकर, आपल्या कार्यापुढे समस्त ग्रामस्थ नतमस्तक'.

"आत्या, तू मराठी शिकवतेस ना, एकदा नजर टाक. बरोबर आहे ना सगळं?"

मी नजर टाकली आणि बरोबर आहे म्हटलं. मग मला हसू आलं. मी पदर तोंडाशी धरला तर पोरीला वाटलं आत्या रडतेय, आणि ती माझ्या गळ्यात पडली. साधी आहे तुझी लेक. तुझ्यावर गेली नाही, हे तिचं नशीब.

नतमस्तक हा शब्द मी चिपळूणच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहिते. नत म्हणजे वाकलेलं, मस्तक म्हणजे डोकं. आदराने ज्याचं डोकं वाकलं आहे तो नतमस्तक. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं आईवडील लिहितात, देव लिहितात, शहीद जवान लिहितात. हुशार मुलं समानार्थी शब्दही देतात: लीन, विनम्र, शरणागत. डोकं आपणहून वाकलं की कुणी मानेवर हात ठेवून वाकवलं, हे आजवर एकाही मुलाने विचारलं नाही. मीही सांगायला गेले नाही. ते परीक्षेला येत नाही.

तुला लोकांनी पाया पडलेलं फार आवडायचं. नाही म्हणू नकोस, आता तसंही तुला म्हणता यायचं नाही. गणपतीत मुंबईच्या गाड्या आल्या की मंडळी सामान घरी टाकायच्या आधी आपल्या पडवीत यायची. तू खुर्चीत बसायचास आणि वहाणा काढून पाय जरा पुढे सरकवून ठेवायचास. मी एकदा विचारलं, हे काय रे? तर म्हणालास, म्हाताऱ्या मानसांना जास्ती वाकायला लागू नये म्हनून गो. इतकं गंभीर तोंड करून म्हणालास की वहिनीच्या हातातला चहा सांडला. आपण तिघं त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. तू सुद्धा हसलास. पाय मात्र मागे घेतले नाहीस.

पहिल्यांदा वाकायला मला तूच शिकवलंस. बाबा गेले तेव्हा तू आठवीत होतास आणि मी बालवाडीच्याही अलीकडे. तू शाळा सोडलीस आणि नांगराला गेलास. पुढे मला पहिलीत घालायचं ठरलं तेव्हा पऱ्याला पाणी होतं म्हणून मला खांद्यावर बसवून पलीकडे नेलंस. गुरुजींच्या समोर उभी केलीस आणि माझ्या मानेवर हात ठेवून दाबलंस. "वाक गो बाय. वाकल्याबिगर विद्या येत नाय." तुझा हात चिखलाने खरखरीत झाला होता. मी वाकले. माझ्या हातात आज खडू आहे तो तू नांगर धरलास म्हणून. हे मी एक दिवसही विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझा राग करणं मला किती सोपं गेलं असतं.

आणि राग तर मला करायचाच होता.

खालच्या वाडीतली काशीमावशी तुला आठवते? आठवत असणारच, तूच तिचं घर वाळीत टाकलंस. तिचा मुलगा पाखाडीच्या, पायऱ्यांच्या वाटेच्या, वादात गावाला न विचारता कोर्टात गेला, एवढा त्यांचा गुन्हा. गावकी बसली, गावाचा मुख्य मानकरी, गावकर, म्हणून तू पुढे बसलास, आणि ठरलं की त्या घराशी देणंघेणं नाही, लग्नकार्याला बोलावणं नाही, शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जाईल. कायद्याने हा गुन्हा आहे हे तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तू म्हणालास, कागदावर कुठं लिवलाय आमी? खरंच कुठे लिहिलं नव्हतं. गाव नुसतं त्यांच्या अंगावरून बघायला लागलं, मध्ये हवा असल्यासारखं.

दोन वर्षांनी माघात काशीमावशी गेली. तिच्या अंगणात तिचा मुलगा, सून आणि एक कुत्रा, एवढेच होते. बाईमाणसाच्या देहाला आंघोळ घालायला चार बायका लागतात. एकही आली नाही. मग आपली आई उठली. एकाहत्तर वर्षांची बाई, आपल्या न्हाणीतलं ऊन पाणी कळशीत भरून घेऊन, दिवसाढवळ्या, सगळ्या गावाच्या देखत पाखाडी उतरून गेली. सुनेला हाताशी घेऊन मैत्रिणीला आंघोळ घातली, साडी नेसवली, कुंकू पुसलेल्या कपाळावर बुक्का लावला. मुलाचे मित्र देवरुखहून टेंपो करून आले तेव्हा कुठे खांदेकरी झाले. तोवर आई मावशीच्या उशाशी बसून होती.

गावाचा नियम मोडला होता, आणि तोही गावकराच्या घरातून.

पुढची बैठक मी पाहिली नाही, वहिनीने सांगितली. देवळात सगळे मानकरी बसले होते आणि आईला बाहेर खांबाशी उभं केलं होतं. ठरलं की सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसेल तेव्हा सगळ्या गावासमोर लोटांगण घालून चूक मान्य करायची. नाहीतर यंदा आपल्या दारात पालखी नाही. मग तात्या बोलले. तात्या तुझ्यापेक्षा थोरले, रीतिभातीचे जाणते. म्हणाले, "बाईमानसानं लोटांगन घालायचा नसतो. रीत नाय ती. घरातला कर्ता पुरुष घालतो तिच्या वतीनं. आजवर असाच झालाय."

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. कर्ता पुरुष तूच. वहिनी सांगते, आईने सुद्धा मान वर करून तुझ्याकडे बघितलं.

आणि तू म्हणालास, "गावकरानं सहानेवर लोटांगन घातला तर उद्या गाव कोनाकडं बगंल? जिनं चुकी केलान तिनंच निस्तरायची."

इतकी पक्की रीत होती, दादा, शेकडो वर्षांची. रीत रीत म्हणून तू एका कुटुंबाचं पाणी तोडलंस. आणि जी एक रीत तुला आईसाठी वाकायला सांगत होती, ती तू एका वाक्यात मोडलीस. गावकरासमोर कोण बोलणार?

मी शिमग्याला आले ती हे थांबवायच्या जिद्दीने. येताना पोलिसांत द्यायचा अर्ज लिहून आणला होता. शिक्षिकेचं अक्षर, तीन पानं, समास सोडून लिहिलेली. आईने तो माझ्या हातातून घेतला, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी बघितला आणि चुलीत सारला. "माज्या पोराला बेड्या घालनारी तू कोन?" एवढंच म्हणाली. मग लाकडं पुढे ओढून माझ्यासाठी चहा ठेवला.

त्या सकाळचं मी तुला कधी सगळं सांगितलं नाही, कारण तू तिथेच होतास. पण तू पालखीच्या मागे उभा होतास आणि मी आईच्या मागे. तुला ती समोरून दिसली, मला पाठीमागून. तेव्हा आता ऐक.

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. नऊवारी घट्ट खोचली. होळीच्या होमापासून सहाणेपर्यंत पडत उठत जायचं होतं. एकदा पडून भागणार नव्हतं. पहिल्यांदा ती पडली तेव्हा गुडघे आधी टेकले, मग हात, मग हळूच छाती जमिनीला लावली. अंगणात पडलेलं काहीतरी शोधतेय असं वाटावं. उठली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा उठायला वेळ लागला. तिसऱ्यांदा तिला उठताच येईना. तळहात जांभ्यावर टेकून ती अंग वर ढकलत होती आणि कोपर सरकत होतं. ढोलवाले थांबले नव्हते. त्यांना तू थांब म्हटलं नव्हतंस. मी एक पाऊल पुढे टाकलं, तिचा हात धरायला, आणि तू माझ्याकडे बघितलंस.

नुसतं बघितलंस. मी थांबले. वीस वर्षं लोकांच्या पोरांना ताठ उभं राहायला शिकवणारी बाई तिथे हातात चष्मा घेऊन उभी राहिली.

ती आपली आपण उठली. दातांत लाल माती होती. आणि तू गाऱ्हाणं घातलंस: "बा म्हाराजा, ह्या लेकरानं चुकी कबूल केलान, ह्येला पदरात घे." गाव म्हणालं, व्हय म्हाराजा. स्वतःच्या आईला तू लेकरू म्हणालास. गाऱ्हाण्यात असंच म्हणतात, देवापुढे सगळेच लेकरू, मला ठाऊक आहे. पण तुझा आवाज जरासुद्धा कापला नाही. चांगला खणखणीत लागला होता.

दुपारी पालखी आपल्या दारात आली, नाचली. आईने ओटी भरली, नारळ दिला, सगळ्यांना सरबत दिलं, तात्यांना तर आग्रह करून दुसरा पेला दिला. संध्याकाळी मी ऊन पाण्याने तिचे गुडघे पुसत होते. कातडी सोलून निघाली होती. मी म्हटलं, आये, का केलंस? म्हणाली, "तुमी चिपळुनात ऱ्हाता. मला हितं मरायचाय. काशीला उचलायला मान्सा मिळत नव्हती, बगलंव मी." मग म्हणाली, "दादाला कायबाय बोलू नको. त्येचा पन नाविलाज हाय."

तुझा नाइलाज! तिने तुझ्यासाठी हाही शब्द शोधून ठेवला होता.

त्यानंतर दीडेक वर्ष मी तुझ्याशी बोलले नाही. आणि मग पुरात वाशिष्ठीचं पाणी माझ्या घरात शिरलं, छताला हात लावता येईल इतकं. पाणी ओसरल्यावर दारातून आत पाय ठेवला तर पोटरीपर्यंत गाळ. मी पायरीवर बसून राहिले. आणि तू आलास. मी बोलावलं नव्हतं. गाड्या बंद होत्या, तू कुणाच्या तरी ट्रकमध्ये मागे उभा राहून आला होतास, एका हातात फावडं, दुसऱ्यात घमेलं, आणि वहिनीने दिलेली भाकरी फडक्यात बांधलेली. 'ये' म्हटलं नाहीस की 'कशी आहेस' विचारलं नाहीस. लुंगी वर खोचलीस आणि गाळ उपसायला लागलास. तीन दिवस. गावकर, ज्याच्या पाया पडायला मुंबईहून लोक येतात, तो माझ्या संडासातला गाळ हातांनी काढत होता. तेव्हा तुला कुणाच्या मानाची आठवण झाली नाही. मी ते बघत होते आणि मला तुझा आणखी राग येत होता, कारण तुला वाकता येत होतं. कमरेतून चांगलं वाकता येत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी तोंड उघडलं. "दादा, एकच सांग. तिच्या जागी तुला पडता आलं नसतं?"

तू घास गिळलास. "आला असता की."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवसापासून माजा कोन ऐकला असता?"

"आई होती ती तुझी."

"म्हनून तर. दुसऱ्याची असती तर चार मानसांत जिरवली असती. माज्या घरातली म्हनून सगळा गाव बगत व्हता." मग बादलीत हात धूत म्हणालास, "तिनं लोटांगन देवाला घातलान. तुला मान्सा दिसली, तिला देव दिसत व्हता."

मी म्हटलं, "देवाच्या मागे तू उभा होतास. देवापेक्षा तूच जास्त दिसत होतास."

तू घमेलं उचललंस आणि बाहेर गेलास. आपला वाद तिथेच राहिला. संध्याकाळी तू परत गेल्यावर मी गच्चीवर गेले. माझी भिजलेली पुस्तकं तू एकेक करून उघडी मांडून ठेवली होतीस, वाऱ्याने पानं फडफडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक दगड. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने. मी तिथे बसून खूप रडले, आणि खाली येऊन तुला फोन केला नाही.

आई गेली तेव्हा सगळं गाव आलं. तिला हवं होतं तसंच झालं, खांद्यासाठी माणसांची चढाओढ लागली. तू तिच्या पायांवर डोकं ठेवून असा हंबरडा फोडलास की दोघांना तुला ओढून बाजूला करावं लागलं. तुला धरून मी शेजारी बसले होते. सगळ्यांना वाटलं बहीण भावाची समजूत घालतेय. मी तुझ्या कानात काय म्हटलं ते तुला आणि मलाच माहीत. मी म्हटलं, "मेल्यावर पाया पडायला कुणालाही जमतं."

तुझं रडणं एकदम थांबलं. पुढे तिच्या तेराव्यापर्यंत तुझ्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नाही. मला त्याचा आनंद झाला होता, दादा. तुझं रडणं मी काढून घेतलं आणि ते तुला परत मिळू दिलं नाही. तूही त्यावर मला एका शब्दाने बोलला नाहीस. वाट बघत होते मी. भांडला असतास तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत तुला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्या आवाजात गाऱ्हाणं घातलं की पलीकडच्या वाडीला ऐकू जायचं, त्यातून नुसता 'आ' निघायला लागला. तरी लोक यायचे. पडवीतून तुझी खाट आत घेतली होती, तिच्या पायथ्याशी येऊन वाकायचे. पाय पुढे करायला तुला जमायचं नाही, वहिनी पांघरूण बाजूला करून द्यायची.

मे महिन्यात मी राहायला आले. वहिनीला जरा उसंत मिळावी म्हणून आले, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मला अजून तुझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि तू हातचा निसटून चालला होतास.

त्या दुपारी वहिनी औषधं आणायला लांज्याला गेली होती. मनाली बँकेत. घरात आपण दोघंच. मी तुझ्या खुर्चीत बसले होते, तीच, पडवीतली. तू डावा हात उचलून तांब्याकडे दाखवलंस. आ, म्हणालास. मी उठले, पेला भरला. आणि तुला द्यायच्याऐवजी परत खुर्चीत बसले आणि पेला माझ्या पायांशी, लादीवर ठेवला.

म्हटलं, "आईच्या जागचं लोटांगण तुझ्या वाट्याचं होतं. ते राहिलंय. घाल, मग देते."

मी ते थट्टेच्या सुरात म्हटलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. आपण असे बोलायचो की एकमेकांना, टाकून, टोचून. पण पेला मी उचलला नव्हता. थट्टेत माणूस पेला उचलतो.

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग चांगला हात खाटेच्या कडेवर रोवलास आणि अंग कुशीवर घेतलंस. मला दिसत होतं काय होणार ते. मी उठले नाही. तू हात पुढे केलास आणि सगळं अंग त्याच्या मागोमाग खाली आलं. खाट फार उंच नाही, पण कपाळ लादीवर आपटलं. तू पालथा पडला होतास, एक हात माझ्या पायांच्या दिशेने लांब, दुसरा अंगाखाली मुडपलेला, तोंड जमिनीला. पेला कलंडून पाणी सगळं माझ्या पावलांखाली गेलं.

मी बसूनच राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, बाहेर कुणाचीतरी कोंबडी अंडं देऊन कोकलायला लागली होती, ती गप्प होईपर्यंत. तेवढ्या वेळात मला काय वाटलं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला बरं वाटलं. उन्हातून येऊन सावलीत बसल्यासारखं निवांत वाटलं. पायांशी पडलेला माणूस बघताना काय वाटतं ते मला कळलं, आणि तुला आयुष्यभर काय वाटत आलं तेही कळलं. मला वाटलं होतं मी तुझ्यापेक्षा वेगळी आहे. तू ढोल थांबवला नाहीस. मला तर ढोलही थांबवायचा नव्हता, नुसतं उठायचं होतं.

तू लोटांगण घातलं नव्हतंस. तुला तहान लागली होती. ते मला त्या क्षणीही माहीत होतं.

मग मी तुला उचलायला गेले. जमेना. आईसारखीच मी कोपरं टेकत, घसरत, तुला कसंबसं खाटेला टेकवून बसवलं. दुसरा पेला भरून चमच्याने पाणी पाजलं. तू सगळं प्यायलास. कपाळावर रुपयाएवढं खरचटलं होतं, ते पुसून हळद लावली. वहिनी आल्यावर म्हटलं, झोपेत घसरला गो, मी चुलीपाशी होते. तू ऐकत होतास. तुझ्या एका डोळ्यातून पाणी आलं. वहिनी म्हणाली, बगा बगा, किती लागला असंल माज्या मानसाला, आणि पदराने ते पुसलं.

बारा दिवसांनी तू गेलास. छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं असंच होतं, घरच्यांनी फार केलं. त्या पडण्याने काही झालं का, हे मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

तुला आंघोळ घातली तेव्हा तात्या तिथे होते. वाकून तुझं कपाळ बघितलं आणि म्हणाले, "ह्या कसला?" वहिनीने सांगितलं, झोपेत पडले. तात्यांनी मान वर करून मला शोधलं. ओसरीत एवढ्या बायका होत्या, त्यातून नेमकं मला.

तुला अंगणात ठेवलं. एकेक करून सगळे पाया पडून गेले, धाकटे, थोरले, मुंबईहून निघून सकाळी पोचलेले. मी ठरवलं होतं वाकायचं नाही. मेलेल्याच्या पाया पडणाऱ्यांबद्दल मी तुला काय म्हटलं होतं ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, पण निदान आपल्या दोघांत तरी मला खरं राहायचं होतं. आयुष्यात एकदा तरी, कुणी सांगितलं म्हणून वाकले नाही असं. मी खांबाला टेकून उभी राहिले. मग वहिनीने मला दंडाला धरून पुढे आणलं. "बाय, तूच ऱ्हायलीस. पाया पड गो दादाच्या."

तात्या तुझ्या उशाशी उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

मी वाकले. डोकं तुझ्या पावलांवर टेकवलं. मागे बायकांनी हुंदके द्यायला सुरुवात केली, कुणीतरी म्हणालं, भाऊबहिनीची माया बगा. दादा, मी माफी मागायला वाकले असं तुला वाटलं असेल, तर तसं नव्हतं. तुझ्यासाठी वाकलेच नाही. मागे सगळं गाव उभं होतं, आणि मला भीती वाटली.